छोट्या ऑफिसात दोन इंटरनेट लाइन एकत्र कशा चालवाव्यात

१०० एमबीपीएसची एक लाइन आणि ५०ची दुसरी घेतली की ऑफिसला १५०ची लाइन मिळते, असं धरून बरेच जण ड्युअल वॅन राउटर (दोन इंटरनेट लाइन लावता येणारा राउटर) घेतात. मग एखादी मोठी फाइल उतरवायला लावतात आणि वेग शंभराच्या आतच अडकलेला दिसतो. स्पीड टेस्टमध्ये कधी बेरीज दिसते, कधी दिसत नाही. राउटर बिघडलेला नसतो. अशी जोडणी चालतेच तशी.

राउटर प्रत्येक कनेक्शन कुठल्या तरी एका लाइनवर टाकतो आणि ते संपेपर्यंत तिथेच ठेवतो. त्याला दुसरा इलाज नसतो. दोन्ही लाइनचे सार्वजनिक आयपी पत्ते वेगळे असतात. एकाच फाइलची अर्धी पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) एका पत्त्यावरून आणि अर्धी दुसऱ्या पत्त्यावरून आली, तर समोरचा सर्व्हर ती नाकारतो. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते. ती दोन लाइनवर विभागली गेली तर आकडा फुगतो, नाहीतर नाही. वीस माणसं एकदम काम करत असतील तेव्हा दोन्ही लाइन वापरल्या जातात आणि सगळ्यांना मिळून जास्त जागा मिळते. एकट्या माणसाचं एक डाउनलोड मात्र वेगवान होत नाही.

म्हणून आखणी करताना आधी ‘एक लाइन गेली तर काम चालू राहील का’ हे पाहा आणि वाटणीचा विचार नंतर करा.

तीन पद्धती

फेलओव्हरमध्ये एक लाइन मुख्य असते आणि दुसरी राखीव. मुख्य गेली की राउटर राखीव लाइनवर जातो. लोड बॅलन्सिंगमध्ये दोन्ही लाइन कायम चालू असतात आणि नवीन कनेक्शन ठरलेल्या प्रमाणात वाटली जातात. यातली एक गेली तर सगळा भार दुसरीवर येतो, म्हणजे फेलओव्हर यात आलंच. बाँडिंगमध्ये एकच कनेक्शन दोन्ही लाइनवरून तुकड्यातुकड्यांनी जातं. पण ते तुकडे परत जुळवायला इंटरनेटच्या पलीकडच्या टोकाला एक सर्व्हर लागतो, स्वतःचा किंवा सेवा देणाऱ्या कंपनीचा.

ओपनएमपीटीसीपीराउटर किंवा स्पीडिफाय ही सॉफ्टवेअर बाँडिंगच करतात. यातलं पहिलं मल्टिपाथ टीसीपीवर (एकच कनेक्शन अनेक मार्गांनी नेण्याच्या पद्धतीवर) चालतं, आणि त्याचं सध्याचं मानक, आरएफसी ८६८४, २०२० सालचं आहे. घरबसल्या फक्त राउटर बदलून बाँडिंग होत नाही. सगळी वाहतूक त्या पलीकडच्या सर्व्हरमधून जाते, त्यामुळे त्याच्या वेगाची मर्यादा तुम्हालाही लागू होते. प्रतिसादाला थोडा जास्त वेळ लागतो. शिवाय तुमचा पत्ता डेटा सेंटरचा दिसतो आणि काही साइट तो अडवतात. एक लाइन फायबर आणि दुसरी मोबाइल असेल तर हळू लाइनवरची पॅकेट उशिरा पोचतात. त्यांची वाट पाहण्यात वेगवान लाइनही मंदावते. थेट प्रक्षेपण किंवा मोठ्या फाइल सतत वर चढवणं हाच धंदा असेल तर बाँडिंगचा खटाटोप करा, एरवी नको.

साधारण ऑफिससाठी आमचं मत असं: फेलओव्हर पक्कं करा आणि कुठलं काम कुठल्या लाइनवर जाईल ते स्वतः ठरवून द्या. सगळं आपोआप वाटून द्यायला राउटरला सांगण्यापेक्षा यात कटकट कमी होते.

लाइन निवडताना

दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणजे त्या स्वतंत्र झाल्या असं नाही. दोन्ही फायबर एकाच खांबावरून किंवा एकाच खड्ड्यातून येत असतील तर एका जेसीबीत दोन्ही जातात. छोटी कंपनी मोठ्या कंपनीकडूनच बँडविड्थ घेत असेल, तर वेगळ्या नावाच्या दोन लाइन आतून एकच असतात. दोन्हींवर ट्रेसराउट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहा. तिसऱ्या-चौथ्या टप्प्याला तेच नेटवर्क दिसलं तर खबरदार. सगळ्यात चांगली जोडी म्हणजे एक तारेची आणि एक बिनतारी, उदाहरणार्थ फायबर आणि ४जी किंवा ५जी राउटर.

मोबाइल लाइनवर बहुतेक ठिकाणी कंपनीच्या स्तरावरचं नॅट असतं, म्हणजे अनेक ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. राउटरच्या वॅन पोर्टला (बाहेरची लाइन लावायच्या जागेला) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने तरी सुरू होणारा पत्ता दिसला तर ते ओळखा. अशा लाइनवर बाहेरून आत येणारी सेवा चालणार नाही. बाहेर जाणाऱ्या कामाला काही अडचण नाही.

सामान

एक राउटर ज्याला किमान दोन वॅन पोर्ट आहेत, किंवा ज्याचे पोर्ट वॅन म्हणून बदलता येतात. टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेतले राउटर आणि मिक्रोटिकचे राउटर छोट्या ऑफिसला पुरतात. जुना संगणक आणि दोन-तीन नेटवर्क कार्ड असतील तर पीएफसेन्स (संगणकाला राउटर बनवणारं सॉफ्टवेअर), आणि चालत असेल त्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी घालायचं सॉफ्टवेअर), हेही पर्याय आहेत. घेताना डब्यावरचा गिगाबिटचा आकडा पाहून भुलू नका. नियम, वाटणी आणि व्हीपीएन (बाहेरून ऑफिसशी सुरक्षित जोडणी) चालू असताना प्रोसेसर किती वेग झेपवतो ते पाहा.

केबल कॅट ५ई पुरे, १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालतं. आणि यूपीएस. राउटर, स्विच, ओएनटी (फायबर जिथे येते तो कंपनीचा डबा), दुसऱ्या लाइनचा मोडेम हे सगळं एकाच यूपीएसवर हवं. नेहमी राउटर यूपीएसवर असतो आणि कोपऱ्यातला ओएनटी साध्या बोर्डावर. वीज गेली की दोन्ही लाइन एकदम बंद, आणि ड्युअल वॅनचा काही उपयोग होत नाही.

जोडणी आणि पत्ते

दोन्ही कंपन्यांचे राउटर सरळ ऑफिसच्या स्विचला लावायचे नाहीत. हा घोळ फार ठिकाणी सापडतो. तसं केलं की एका नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हर (संगणकांना पत्ते देणारे) होतात. कुठल्या संगणकाला कुठला गेटवे (बाहेर जायचं दार) मिळेल याचा नेम राहत नाही आणि एक लाइन गेली की अर्धं ऑफिस बंद पडतं. क्रम असा हवा: लाइन अ चा ओएनटी आपल्या राउटरच्या पहिल्या वॅन पोर्टला, लाइन ब चा मोडेम दुसऱ्या वॅनला, राउटरचा लॅन (ऑफिसच्या बाजूचा) पोर्ट स्विचला, आणि बाकी सगळं स्विचला.

कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (स्वतः राउटर न होता फक्त पुढे पाठवायचं) टाकता आला तर उत्तम, कारण मग सार्वजनिक पत्ता थेट आपल्या राउटरवर येतो. ते जमलं नाही तर डब्याच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून आलेलं सगळं एका पत्त्याकडे पाठवायच्या सोयीत) आपल्या राउटरचा पत्ता भरा. दुहेरी नॅट (पत्त्यांची दोनदा अदलाबदल) राहील, पण ब्राउझिंग, मेल, कॉल यांना त्याने फरक पडत नाही.

पत्त्यांचा गोंधळ मात्र लगेच नडतो. दोन्ही कंपन्यांचे डबे पुष्कळदा कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ घेऊन येतात आणि कधी कधी आपला राउटरही तोच. एकच सबनेट (पत्त्यांचा गट) दोन बाजूंना असेल तर राउटरला पॅकेट कुठे टाकायचं ते कळत नाही. अ च्या डब्यावर १९२.१६८.११.०/२४, ब च्या डब्यावर १९२.१६८.१२.०/२४ आणि ऑफिसात १९२.१६८.५०.०/२४ असं काही ठेवा. आकडे कुठलेही चालतील, फक्त तिन्ही वेगळे हवेत.

पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) लाइन असेल तर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४९२ ठेवा, कारण त्या पद्धतीची ८ बाइटची जादा माहिती प्रत्येक पॅकेटमध्ये जाते. एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेटमधल्या माहितीच्या आकारावर मर्यादा) चालू करा, म्हणजे टीसीपीसाठी १४५२ धरलं जाईल. ‘काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात, आणि तेही दुसऱ्या लाइनवर असतानाच’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासा.

लाइन मेली हे राउटरला कसं कळणार

सगळ्या कामाचा कस इथे लागतो. केबल निघाली तर राउटरला लगेच कळतं. पण लाइन अशी क्वचितच जाते. ओएनटीचा दिवा लागलेला असतो, राउटरची केबल जोडलेली असते, कंपनीचा गेटवेही पिंगला (‘आहेस का’ या छोट्या चाचणीला) उत्तर देतो आणि पुढे कुठेतरी सगळं तुटलेलं असतं. म्हणून गेटवेला पिंग करून भागत नाही. तपासणीचा पत्ता इंटरनेटवरचा हवा: ८.८.८.८, १.१.१.१, ९.९.९.९ यांसारखा.

प्रत्येक लाइनला वेगळा पत्ता द्या. पीएफसेन्स तपासणीच्या पत्त्याचा मार्ग त्या लाइनलाच बांधून ठेवतं. तोच पत्ता तुम्ही ऑफिसचा डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) म्हणूनही वापरत असाल, तर ती लाइन गेली की त्या डीएनएसपर्यंत पोचताच येत नाही, दुसरी लाइन ठणठणीत असली तरी. मग ‘नेट चालू आहे पण काहीच उघडत नाही’ अशी अवस्था होते. तपासणीचे पत्ते आणि डीएनएसचे पत्ते वेगळे ठेवा.

डीएनएस कंपनीचा वापरू नका हेही याच ओघात सांगायला हवं. बऱ्याच कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात. लाइन बदलली की चौकशी दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावरून जाते आणि उत्तर येत नाही.

एका पत्त्याऐवजी दोन-तीन पत्ते तपासायची सोय असेल तर ती घ्या आणि ‘सगळे गेले तरच लाइन गेली’ असं ठरवा. एखाद्या सर्व्हरने पिंगला उत्तर देणं थांबवलं म्हणून ऑफिसची लाइन बदलू नये. ओपनडब्ल्यूआरटीवरच्या एमवॅन३ या अनेक लाइन सांभाळणाऱ्या पॅकेजमध्ये यासाठी ‘रिलायबिलिटी’ हा आकडा आहे: किती पत्त्यांनी उत्तर दिलं तर लाइन जिवंत धरायची, तो.

घाई आणि आळस यांच्यामध्ये कुठे थांबायचं? पीएफसेन्स दर अर्ध्या सेकंदाला पिंग करतं आणि ठरवून दिलेल्या आकड्यांप्रमाणे २० टक्के पॅकेट हरवले किंवा प्रतिसाद ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला की लाइन खराब मानतं. फायबरला हे ठीक आहे. मोबाइल लाइनवर ५०० मिलिसेकंद गर्दीच्या वेळी सहज होतात, तिथे मर्यादा वाढवा. मिक्रोटिकचं गेटवे तपासणं दर १० सेकंदांनी होतं आणि दोनदा उत्तर आलं नाही की मार्ग बंद होतो. मात्र हे साध्या रूपात फक्त जवळच्या गेटवेला तपासतं. इंटरनेटवरचा पत्ता तपासायचा तर रिकर्सिव्ह रूट (दूरच्या पत्त्यालाच गेटवे मानणारा मार्ग) लिहावा लागतो.

एक गोष्ट लक्षात येत नाही. कुणी मोठा बॅकअप वर चढवायला लावला की लाइन गच्च भरते, तपासणीची पिंगही त्यात अडकते आणि राउटर चांगल्या लाइनला मेलेली ठरवतो. सगळे दुसऱ्या लाइनवर जातात, पहिली मोकळी होते, राउटर परत येतो, लाइन परत भरते. लॉगमध्ये दर दोन मिनिटांनी वर-खाली दिसतं. यावर उपाय मर्यादा वाढवण्याचा नाही. दोन्ही लाइनवर ट्रॅफिक शेपिंग लावा आणि प्रत्येक लाइनची मर्यादा तिच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्क्यांवर ठेवा. म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राउटरवर लागते, आणि तिथे पिंगला व कॉलला पुढे घेता येतं.

वाटणीचं प्रमाण

प्रत्येक लाइन लॅपटॉपला केबलने थेट जोडून ऐन कामाच्या वेळी तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. जाहिरातीतला आकडा नको. १०० आणि ५० आले तर प्रमाण २:१.

हे प्रमाण कनेक्शनच्या संख्येचं असतं, बाइटचं नव्हे. तीनपैकी एक कनेक्शन लहान लाइनवर जाईल, आणि तेच नेमकं ४० जीबीचा बॅकअप असेल तर ती लाइन भरलीच. अपलोडचाही हिशेब ठेवा. अ ची लाइन १००/१०० आणि ब ची ५०/५ असेल, तर डाउनलोडवरून काढलेल्या २:१ प्रमाणात एक तृतीयांश व्हिडिओ कॉल ५ एमबीपीएसच्या अपलोडवर जाऊन पडतील. चांगल्या प्रतीच्या एका कॉललाच वर जाताना ३ ते ४ एमबीपीएस लागतात. अशा जोडीत कॉल कायम अ वर बांधा.

काय कुठे बांधायचं

बँका, सरकारी पोर्टल आणि बिलिंगच्या साइट लॉगिनच्या वेळचा आयपी पत्ता लक्षात ठेवतात. एका पानाची दहा कनेक्शन दोन लाइनवर विभागली गेली की ‘सत्र संपलं’ म्हणून बाहेर काढतात. यासाठी स्टिकी कनेक्शन किंवा सोर्स अॅफिनिटी अशी सोय असते; ती एका संगणकाची कनेक्शन एकाच लाइनवर ठेवते. एमवॅन३मध्ये ४४३ पोर्टच्या (एचटीटीपीएस साइटच्या) नियमाला ‘स्टिकी’ लावा, ६०० सेकंद पुरतात. टीपी-लिंकवर ‘अॅप्लिकेशन ऑप्टिमाइझ्ड राउटिंग’ चालू करा. मिक्रोटिकवर पीसीसीमध्ये (कनेक्शन वाटायच्या पद्धतीत) ‘बोथ अॅड्रेसेस’ निवडा. पोर्टसकट वाटणी केली तर भार सारखा वाटला जातो, पण बँका रडवतात. तरीही एखादी साइट त्रास देत असेल तर तो संगणक किंवा ती साइट सरळ एका लाइनला बांधून टाका.

मिक्रोटिकवाल्यांनी आणखी एक करायचं. पीसीसी मँगल नियमांवर (पॅकेटवर खूण करणाऱ्या नियमांवर) चालतं आणि फास्टट्रॅक (वेगासाठीचा आडमार्ग) ते नियमच ओलांडून जातं. फास्टट्रॅकचा नियम तसाच राहिला तर वाटणी कधी लागते, कधी लागत नाही, आणि कारण शोधण्यात दिवस जातो. तो नियम आधी बंद करा.

पीएफसेन्सवर ‘सिस्टिम’मधल्या ‘राउटिंग’मध्ये जाऊन गेटवे ग्रुप बनवा. दोन्ही लाइन टिअर १ वर ठेवल्या तर वाटणी, एक १ वर आणि एक २ वर ठेवली तर फेलओव्हर. नुसता ग्रुप बनवून काही होत नाही. लॅनच्या फायरवॉल नियमात प्रगत पर्यायांमध्ये तो ग्रुप गेटवे म्हणून निवडावा लागतो. त्या नियमाच्या वर ‘ऑफिसच्या आतल्या नेटवर्ककडे जाणारी वाहतूक, गेटवे डीफॉल्ट’ असा नियम हवा, नाहीतर एका व्हीलॅनमधून (ऑफिसच्या आतल्या एका वेगळ्या नेटवर्कमधून) दुसऱ्या व्हीलॅनमधल्या प्रिंटरला जाणारं पॅकेटही इंटरनेटकडे ढकललं जातं. डीफॉल्ट गेटवेच्या जागीही फेलओव्हरचा ग्रुप निवडा. फायरवॉलची स्वतःची चौकशी त्या मार्गाने जाते.

आयपी फोन वाटणीत टाकू नका. ते एका लाइनवर, आणि ती गेली तर दुसरीवर. फोन मधूनमधून सर्व्हरला ‘मी आहे’ असा संदेश पाठवत राहतो. त्यामुळे राउटरमधली जुनी नोंद कधी संपतच नाही आणि लाइन बदलूनही फोन मेलेल्या लाइनवरच बोलत राहतो. ब्राउझर चालतो, फोन मुका. लाइन गेली की तिच्यावरच्या नोंदी पुसून टाकण्याची सोय राउटरमध्ये चालू करा, फोनची नोंदणीची मुदत ६० ते १२० सेकंदांवर आणा आणि सिप एएलजी (फोनच्या पॅकेटमध्ये फेरफार करणारी राउटरची सोय) बंद ठेवा.

राखीव लाइन मोबाइलची आणि मोजून डेटा असलेली असेल तर तिच्यावर गेल्यावर बॅकअप, विंडोजचे अपडेट आणि पाहुण्यांचं वायफाय अडवणारे नियम आधीच लिहून ठेवा. नाहीतर महिन्याचा डेटा दुपारच्या जेवणापर्यंत संपतो.

बाहेरून आत येणाऱ्या गोष्टी

कॅमेरे, व्हीपीएन, ऑफिसातला सर्व्हर यांसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती आतल्या यंत्राकडे पाठवणं) दोन्ही वॅनवर करावं लागतं. ब वरून आलेल्या विनंतीचं उत्तरही ब वरूनच जायला हवं. पीएफसेन्स हे आपोआप सांभाळतं, मिक्रोटिकवर कनेक्शन मार्क करून लिहावं लागतं. नाव एकच ठेवायचं तर डायनॅमिक डीएनएस (पत्ता बदलला की नावाची नोंदही बदलणारी सेवा) वापरा आणि टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची) ६० ते ३०० सेकंद ठेवा. मेल सर्व्हर ऑफिसात असेल तर एसपीएफ नोंदीत (तुमच्या नावाने मेल कुठून येऊ शकते ते सांगणाऱ्या) दोन्ही पत्ते हवेत आणि दोन्हींची उलटी डीएनएस नोंदही (पत्त्यावरून नाव सांगणारी). ज्या ज्या सेवेत ‘फक्त आमच्या ऑफिसच्या पत्त्यावरूनच’ असं बंधन घातलंय तिथे दुसरा पत्ता आजच घाला. लाइन गेल्यावर तिथे लॉगिनच होत नसेल तर घालणार कसा?

आयपीव्ही६बद्दल (पत्त्यांच्या नव्या पद्धतीबद्दल) थोडक्यात: प्रत्येक कंपनी आपापले पत्ते संगणकांपर्यंत पोचवते. अ ची लाइन गेली तरी संगणक अ चेच पत्ते वापरत बसतात. राउटरला एनपीटी (पत्त्याचा पुढचा भाग बदलणं) येत असेल तर ते वापरा. येत नसेल तर ऑफिसच्या बाजूला आयपीव्ही६ बंद ठेवणंच सोयीचं.

चाचणी

वॅनची केबल काढून पाहणं ही सोपी परीक्षा, ती सगळेच राउटर पास होतात. खरी परीक्षा म्हणजे राउटरची केबल तशीच ठेवून ओएनटीच्या मागची फायबर काढायची. त्या वेळी एक व्हिडिओ कॉल, एक मोठं डाउनलोड, एक बँकेचं लॉगिन आणि एक आयपी फोनचा कॉल चालू ठेवा. किती सेकंदांत नवीन पान उघडतं ते मोजा. चालू डाउनलोड आणि कॉल तुटणारच, पत्ता बदलल्यावर ते टिकत नाहीत. अर्ध्या मिनिटात परत जोडता आले म्हणजे ठीक. मग फायबर परत लावा आणि परतीचा प्रवासही पाहा. मुख्य लाइन दोन-तीन मिनिटं सलग चांगली राहिल्यावरच राउटरने तिच्यावर यावं. तशी सोय असेल तर ती लावा.

शेवटी सूचना चालू करा, ईमेल किंवा मेसेज, लाइन गेली की आणि आली की. जोडणी चांगली झाली की मुख्य लाइन गेल्याचं कुणाला कळतच नाही, आणि ऑफिस तीन आठवडे राखीव लाइनवर चालतं. कळतं ते ती राखीव लाइनही गेली की. उलट बाजूही आहे: न वापरलेल्या मोबाइल राउटरच्या सिमची मुदत गुपचूप संपते. महिन्यातून एकदा कामाचे तास संपल्यावर मुख्य लाइन दहा मिनिटं बंद करून ठेवा आणि राखीव लाइनवर काय काय चालतं ते बघा.